शोकांतिकेचं मुलांसाठी ॲनिमेशन: कोणतं काम आधी, कोणतं नंतर आणि कुठे फसतं

एखाद्या गाजलेल्या शोकांत नाटकावर मुलांसाठी ॲनिमेशनपट करायचं ठरलं की पहिल्याच दिवशी कुणीतरी चेटकिणीचं चित्र काढतं. चित्र छान असतं, सगळे त्याच्या प्रेमात पडतात. मग त्या चेटकिणीला शोभेल असा राजवाडा, राजवाड्याला शोभेल असा राजा, असं करत महिने जातात. संहितेला हात घातल्यावर लक्षात येतं की शेवटाचं काय करायचं यावर कुणाचंच एकमत नाही. अशा वेळी हमखास एक सूचना येते: "मुलांसाठीच आहे ना, मग शेवटी सगळे वाचू देत."

चूक चित्रात नाही, क्रमात आहे. योग्य क्रम पुढे टप्प्याटप्प्याने दिला आहे. उदाहरणासाठी मुख्यतः शेक्सपिअरचं 'मॅकबेथ' घेतलं आहे, कारण त्याच्या शोकांतिकांत ते सर्वांत छोटं. अधूनमधून सोफोक्लीसचं 'अँटिगनी' येईल. लांबी २६ मिनिटं धरली आहे. ही लांबी शक्य आहे का, ही शंका नको: १९९२ आणि १९९४ मध्ये ब्रिटिश वाहिनी आणि रशियन ॲनिमेटर यांनी मिळून शेक्सपिअरची १२ नाटकं साधारण अर्ध्या-अर्ध्या तासात बसवली होती, त्यांत 'हॅम्लेट'ही होतं.

एक गोष्ट आधीच ठरवून टाका. शेवट बदलायचा नाही. नाहुम टेटने १६८१ मध्ये 'किंग लिअर'चा शेवट गोड केला, लिअरची मुलगी कॉर्डेलिया हिला जिवंत ठेवून तिचं लग्नही लावून दिलं, आणि ती आवृत्ती रंगभूमीवर दीडशे वर्षं चालली. आज ती कुतूहलापोटी वाचतात, इतकंच. ज्यांना गोड शेवटच हवा आहे त्यांनी सुखान्त नाटक घ्यावं. अशा नाटकांचा काही तुटवडा नाही. शोकांतिकेत बदलायचं असतं ते मृत्यू किती जवळून, किती वेळ आणि कुणाच्या नजरेतून दिसतो हे. मृत्यू होतो की नाही, हे नाही.

टप्पा १: वय ठरवा, मग नाटक

"सहकुटुंब पाहावा असा" हा वयोगट नव्हे. ६ ते ८, ९ ते ११ किंवा १२ ते १४ यांपैकी एक निवडा आणि कागदावर लिहा. पुढच्या प्रत्येक वादात हा कागद बाहेर काढायचा आहे.

मृत्यू म्हणजे परत न येणं, हे बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या दरम्यान नीट कळू लागतं. त्याआधीचं मूल "तो परत कधी उठणार?" असं विचारतं आणि सबंध नाटक त्या प्रश्नावरच अडतं. म्हणून सहाच्या खाली शोकांतिका नको.

नाटक निवडताना एकच कसोटी पुरते: या शोकाचं कारण या वयाच्या मुलाला दोन वाक्यांत सांगता येतं का? 'किंग लिअर'चं येतं. म्हातारा राजा गोड बोलणाऱ्या मुलींना राज्य देतो आणि खरं बोलणारीला हाकलतो. सात वर्षांच्या मुलालाही यातला अन्याय कळतो. (ग्लॉस्टर या सरदाराचं उपकथानक आणि त्याचे डोळे काढण्याचा प्रसंग मात्र पूर्ण बाहेर.) 'मॅकबेथ' आणि 'अँटिगनी' नऊच्या पुढे. 'हॅम्लेट' आणि 'रोमिओ अँड ज्युलिएट' बाराच्या पुढे. 'ऑथेल्लो'चं सगळं इंधन म्हणजे नवऱ्याचा संशय, ते मी चौदाच्या आत घेणार नाही. आणि 'ईडिपस' नकोच. ज्या नाटकाचं मूळ कारणच मुलाला सांगता येत नाही, त्यात कितीही काटछाट केली तरी शेवटी हाती पोकळ टरफल उरतं.

*तपासणी:* कारणाची ती दोन वाक्यं टीममधल्या प्रत्येकाला स्वतंत्रपणे लिहायला सांगा. उत्तरं वेगवेगळी आली तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: कोणती संहिता, कुणाचा हक्क

शेक्सपिअर आणि सोफोक्लीस यांच्या मूळ शब्दांवर कुणाचाही हक्क नाही. भाषांतरांवर असतो, आणि घोळ होतो तो इथेच. भाषांतरकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर भारतात ६० वर्षं आणि बऱ्याच देशांत ७० वर्षं राहतो. त्यामुळे अडीच हजार वर्षं जुनं ग्रीक नाटक तुम्ही चाळीस वर्षांपूर्वीच्या भाषांतरातून घेतलं, तर लेखी परवानगी लागते. "आम्ही फक्त चार ओळी घेतल्या" हा बचाव महोत्सवाच्या प्रवेशअर्जावर चालत नाही.

दोन-तीन भाषांतरं समजून घेण्यासाठी जरूर वाचा, पण संवाद मूळावरून स्वतः लिहा. ग्रीक येत नसेल तर ग्रीक जाणणारा माणूस सोबत घ्या, किंवा ज्यांचे हक्क संपले आहेत अशी जुनी भाषांतरं पायाला धरा. आणखी एक: तुम्ही लहानपणी वाचलेली गोष्टीरूप आवृत्ती हे मूळ नाटक नव्हे. तिच्यावरून केलेलं रूपांतर म्हणजे सारांशाचा सारांश.

टप्पा ३: 'म्हणून'ची साखळी

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. एक आठवडा गेला तरी चालेल.

नाटकातल्या घटना अशा लिहा की प्रत्येक ओळ आधीच्या ओळीला 'म्हणून' किंवा 'पण'ने जोडलेली असेल. 'आणि मग' लिहायला बंदी. 'मॅकबेथ'ची साखळी साधारण अशी होते:

१. तीन चेटकिणी मॅकबेथला दोन भाकितं सांगतात: तुला नवी जहागीर मिळेल आणि तू राजा होशील. सोबतच्या बॅन्कोला सांगतात: तुझे वंशज राजे होतील.
२. जहागिरीचं भाकीत लगेच खरं ठरतं, म्हणून राजेपदाचंही खरं ठरेल असं मॅकबेथला वाटू लागतं.
३. तो हे पत्राने बायकोला कळवतो, म्हणून राजा डंकन त्यांच्या घरी मुक्कामाला येतो तेव्हा तिचा बेत ठरलेला असतो.
४. पण मॅकबेथ कचरतो. ती त्याला डिवचते, म्हणून तो खून करतो.
५. राजाची मुलं जीव वाचवायला पळतात, म्हणून संशय त्यांच्यावर जातो आणि मुकुट मॅकबेथला मिळतो.
६. पण बॅन्कोचे वंशज राजे होणार, हे भाकीत त्याला झोपू देत नाही, म्हणून तो बॅन्कोलाही मारवतो. पण बॅन्कोचा मुलगा निसटतो.
७. म्हणून तो पुन्हा चेटकिणींकडे जातो. त्या मॅकडफपासून सावध राहायला सांगतात. मॅकडफ तर देश सोडून गेलेला, म्हणून मॅकबेथ त्याच्या बायकामुलांवर मारेकरी धाडतो.
८. म्हणून मॅकडफ सैन्याबरोबर परत येतो, आणि शेवट होतो.

आता प्रत्येक ओळ झाकून पाहा. ती नसताना पुढची ओळ उभी राहत असेल, तर तो प्रसंग चित्रपटात नको. या कसोटीवर हेकेटीचा, म्हणजे चेटकिणींच्या देवतेचा, प्रवेश पहिल्याच फटक्यात गळतो. चौथ्या ओळीतलं "कचरतो" मात्र गळत नाही. आणि बहुतेक रूपांतरांत नेमकं तेच कापलं जातं, कारण त्यात काही 'घडत' नाही! मॅकबेथने "हे आपण नको करूया" असं बायकोला म्हटलेलं मुलांनी ऐकलं नाही, तर तो त्यांच्या लेखी पहिल्यापासूनच खलनायक ठरतो. खलनायक मेला की मुलं टाळ्या वाजवतात. मग तुम्ही शोकांतिका केलेली नसते, साहसकथा केलेली असते.

'अँटिगनी'त अशीच एक कडी आहे. टायरेसियस या आंधळ्या भविष्यवेत्त्याच्या इशाऱ्यानंतर राजा क्रेऑनला उपरती होते, पण तो आधी अँटिगनीच्या भावाच्या मृतदेहाचे संस्कार उरकतो आणि मग अँटिगनीला कोंडलेल्या गुहेकडे जातो. तेवढा उशीर जीवघेणा ठरतो. हा क्रम मुलांना बरोबर दिसला पाहिजे. "आधी गुहेकडे गेला असता तर?" हा प्रश्न मूल स्वतःहून विचारतं, आणि तो विचारला गेला की रूपांतर जमलं असं समजा.

*सावधान:* साखळीत 'नशिबाने' हा शब्द आला तर थांबा. चेटकिणींनी भाकीत सांगितलं, खून करायला सांगितलं नाही. हा फरक धूसर झाला तर सगळा दोष जादूवर जातो आणि माणसाच्या निर्णयाला काही अर्थ उरत नाही.

टप्पा ४: शब्दांचा आणि मिनिटांचा हिशेब

मूळ 'मॅकबेथ' सुमारे १७ हजार शब्दांचं आहे, 'हॅम्लेट' सुमारे ३० हजारांचं. तुमच्याकडे २६ मिनिटं आहेत, त्यातलं एक श्रेयनामावलीत जाणार. उरलेल्या २५ पैकी निम्म्याहून जास्त वेळ कुणी बोलत असेल तर चित्रांना कामच राहत नाही. म्हणजे बोलणं साडेबारा मिनिटं. मुलांसाठी मिनिटाला ११० शब्दांच्या वर जाऊ नये. गुणाकार केला की साधारण १,४०० शब्द हातात येतात. मूळाचा बारावा हिस्सा!

हा आकडा कळल्यावर लोक सगळे प्रवेश सारख्या प्रमाणात बारीक करत सुटतात. असं करू नका. सगळं थोडं थोडं ठेवलं की कुठलाच प्रसंग श्वास घेत नाही आणि पडद्यावर नुसती धावपळ दिसते. साखळीतल्या आठ कड्यांपैकी तीन निवडा, त्यांना भरपूर वेळ द्या. बाकीच्या एखाद-दुसऱ्या शॉटमध्ये किंवा निवेदनाच्या एका वाक्यात उरका. 'मॅकबेथ'साठी मी खुनाची रात्र, मेजवानीत बॅन्कोचं भूत दिसतं तो प्रसंग आणि मॅकडफला बातमी कळते तो प्रसंग हे तीन निवडेन. तिघांना मिळून बारा-तेरा मिनिटं.

आणि एक गोष्ट हिशेबाच्या सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवा: शेवटच्या मृत्यूनंतरची दोन मिनिटं. शेक्सपिअरच्या शोकांतिका मृत्यूवर संपत नाहीत. डंकनचा मुलगा माल्कम नव्या राज्याची घडी बसवतो, नॉर्वेचा राजपुत्र फोर्टिनब्रास हॅम्लेटला सन्मानाने उचलायला सांगतो, रोमिओ-ज्युलिएटच्या व्हेरोनात दोन वैरी बाप हातात हात देतात. वेळ कमी पडला की रूपांतरकार कात्री लावतो ती इथेच, "आता काय उरलंय?" असं म्हणून. मुलांसाठी तर हीच दोन मिनिटं सगळ्यात महत्त्वाची. जग मोडलं, पण ते पुन्हा बसवणारी माणसं आहेत, हे त्यांना पाहायला मिळालं पाहिजे.

टप्पा ५: पात्रं कमी करा, नवी वाढवू नका

रॉस, लेनॉक्स, अँगस असे सरदार पडद्यावर मुलांना वेगळे ओळखू येत नाहीत. त्यांचा मिळून एक करा आणि त्याला रॉस म्हणा, कारण पुढे मॅकडफला बातमी सांगण्याचं काम त्याचंच आहे. २६ मिनिटांत नावासकट लक्षात राहतील अशी पात्रं सहा, फार तर सात.

याच टप्प्यावर कुणाला तरी बोलणारा कावळा सुचतो. किंवा विनोदी उंदीर. सुचणारच. मात्र विनोद मूळात शोधा, तो तिथे बहुधा असतोच: 'मॅकबेथ'मध्ये दारवान आहे, 'हॅम्लेट'मध्ये कबर खोदणारे, 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये दाई. दारवानाचे मूळ विनोद मुलांच्या कामाचे नाहीत, पण त्याची जागा अचूक आहे. आत खून झाला आहे, बाहेर कुणीतरी दार ठोठावतंय आणि हा बाबा झोपेत, डोळे चोळत, किल्ल्या शोधत निघाला आहे. शब्द काढून टाका, ठोठावणं ठेवा, किल्ल्या पाडा. मुलं हसतात आणि त्याच वेळी त्यांच्या पोटात गोळाही येतो.

कथेत मूल हवं असेल तर तेही मूळातच आहे. बॅन्कोचा मुलगा फ्लीअन्स खुनाच्या रात्री बापाबरोबर मशाल घेऊन चालतो, पुढे निसटतो आणि मग नाटकातून नाहीसा होतो. त्याला शेवटच्या दोन मिनिटांत गर्दीत एकदा दाखवलंत, तर शेक्सपिअरवर फारसा अन्याय होणार नाही.

टप्पा ६: मृत्यू आणि हिंसा कशी दाखवायची

आधी एक यादी करा: नाटकात कोण, कसं आणि *कुठे* मरतं. 'कुठे' म्हणजे रंगमंचावर की आत. ही यादी केल्यावर बरेच जण चकित होतात. डंकनचा खून मूळ नाटकात प्रेक्षकांसमोर होतच नाही. लेडी मॅकबेथ बाहेर थांबते, घुबडाचा आवाज येतो, मॅकबेथ रक्ताळलेले हात घेऊन येतो, बस्स. ग्रीक शोकांतिकांत तर मृत्यू सहसा पडद्याआड होतो आणि दूत येऊन तो सांगतो. म्हणजे मूळ लेखकाने जे झाकलं, तेच मुलांसाठीच्या आवृत्तीत उघडं करण्याचा उद्योग आपण करत असतो, कारण ॲनिमेशनमध्ये काहीही दाखवता येतं.

यादीतल्या प्रत्येक मृत्यूसाठी चार पर्यायांतला एक निवडा: आवाजातून, सावलीतून, पाहणाऱ्याच्या चेहऱ्यावरून किंवा सांगण्यातून. थेट दाखवणं हा पाचवा पर्याय, आणि तो संपूर्ण चित्रपटात फार तर एकदा.

सगळ्यात अवघड जागा म्हणजे मॅकडफच्या बायकामुलांची हत्या. मूळात ती दोनदा येते. आधी एका प्रवेशात मुलाला रंगमंचावरच भोसकतात, पुढच्याच प्रवेशात रॉस ती बातमी मॅकडफला सांगतो. लहान प्रेक्षकांसाठी पहिला प्रवेश काढा आणि दुसरा पूर्ण ठेवा. दुसरा शॉटनिहाय असा मांडता येतो:

– रॉस येतो. मॅकडफ विचारतो, घरी सगळे बरे आहेत ना? रॉस "बरे आहेत" म्हणतो. क्लोजअप रॉसच्या हातांवर, चेहऱ्यावर नको.
– इकडच्या तिकडच्या गप्पा. प्रेक्षकांना कळून चुकलं आहे, मॅकडफला अजून नाही.
– रॉस सांगतो, एका वाक्यात. मारेकरी, तलवारी, काही दाखवू नका.
– मॅकडफ: "मुलंही?" रॉस मान हलवतो. मॅकडफ पुन्हा: "सगळी?" इथे कॅमेरा हलवायचा नाही, संगीत नाही, निदान सहा सेकंद.
– माल्कम म्हणतो, मर्दासारखा सामोरा जा. मॅकडफ म्हणतो, जाईन, पण माणसासारखं मला हे सोसावंही लागेल.

शेवटचं वाक्य कापू नका. मोठा, धिप्पाड योद्धा रडतो आणि रडण्याची लाज बाळगत नाही, हे मुलांनी पाहण्यासारखं आहे.

*सावधान, आत्महत्या:* अँटिगनी, क्रेऑनचा मुलगा हायमॉन आणि बायको युरिडिसी, रोमिओ, ज्युलिएट, लेडी मॅकबेथ. शोकांतिकांत अशा मृत्यूंची कमतरता नाही. इथे चवीढवीचा प्रश्न नाही, सुरक्षिततेचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने माध्यमांसाठी आणि चित्रपटकारांसाठी दिलेल्या सूचनांचा गाभा असा: पद्धत दाखवू नका, तिचं तपशिलात वर्णन करू नका, ते कृत्य सुंदर किंवा सुटकेचा मार्ग म्हणून मांडू नका. दोर, कट्यार, कुपी यांचे क्लोजअप नकोत. चांदण्यात निजलेली देखणी जोडपी तर मुळीच नकोत. त्याऐवजी मागे राहिलेल्यांवर थांबा: हायमॉनला उचलून आणणारा क्रेऑन, निरोप वेळेत न पोहोचल्याने हादरलेला पाद्री. लेडी मॅकबेथच्या बाबतीत मूळ नाटकच तुमची सोय करतं. आतून बायकांचा आक्रोश ऐकू येतो आणि एकजण येऊन सांगतो, राणी गेली. तेवढंच ठेवा.

*तपासणी:* आवाज बंद करून हिंसेचे शॉट पाहा. मग चित्र बंद करून फक्त आवाज ऐका. मुलांना घाबरवण्यात आवाजाचा वाटा चित्रापेक्षा मोठा असतो; सावलीतला खून निरुपद्रवी वाटतो आणि सोबतची किंकाळी मात्र रात्री झोपू देत नाही.

टप्पा ७: संवाद आणि स्वगतं

वाक्यं छोटी ठेवा, भाषा बाळबोध करू नका. "हे राजन्, आपली आज्ञा शिरसावंद्य" हे मुलांना नाटकी वाटतं. "ओके महाराज" याहून वाईट. साधी, घट्ट बोली पुरते. कोण कुणाला 'तू' म्हणतो, कोण 'तुम्ही', कोण 'आपण', याचा तक्ता संवाद लिहिण्याआधी करा आणि राज्याभिषेकानंतर त्यात काय बदलतं तेही नोंदवा. नाहीतर बॅन्को एका प्रवेशात मॅकबेथला अरेतुरे करतो, पुढच्यात अहोजाहो, आणि चूक सापडते ती आवाज मुद्रित झाल्यावर.

प्रत्येक मोठ्या प्रसंगात मूळाची एक ओळ जशीच्या तशी भाषांतरित करून ठेवा. मुलांना ती पूर्ण कळलीच पाहिजे असं नाही, कानात राहिली तरी पुष्कळ.

स्वगतासाठी एकच प्रश्न: हे चित्राने सांगता येतं का? खंजिराच्या स्वगतात मॅकबेथला हवेत खंजीर दिसतो. तो प्रेक्षकांना दाखवायचा का? दाखवलात तर ती जादू ठरते. नाही दाखवलात तर हवेत हात मारणारा माणूस दिसतो. माझं मत: दाखवा, पण फक्त मॅकबेथच्या नजरेतल्या शॉटमध्ये, आणि पुढच्याच शॉटमध्ये बाजूने रिकामी हवा. दोन शॉट, सात-आठ सेकंद, आणि तीस ओळींच्या स्वगतातल्या दोन ओळी पुरतात.

टप्पा ८: तंत्र निवडा

आत्ता, इथे, चेटकिणीचं चित्र काढायला हरकत नाही.

हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये सेकंदाला २४ फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम धरलं तर सेकंदाला १२ चित्रं. मिनिटाला ७२०, पंचवीस मिनिटांना १८ हजार, तीही एकाच पात्राची. लहान गटाने हे गणित आधी करावं आणि निमूटपणे कटआउट (कापलेले कागदी तुकडे सरकवत केलेलं ॲनिमेशन) किंवा छायाकृतींच्या ॲनिमेशनकडे वळावं. शोकांतिकेला ही तंत्रं उलट मानवतात: छायाकृतीत चेहरा नसतो, त्यामुळे हिंसा आपोआप लांब जाते. बाहुल्यांचं स्टॉप मोशन (बाहुली थोडी थोडी हलवून एकेक फ्रेम टिपणं) 'लिअर'सारख्या वादळवाऱ्याच्या नाटकात महाग पडतं, 'अँटिगनी'सारख्या एका चौकात घडणाऱ्या नाटकात बसतं. काचेवर रंग फिरवून केलेलं ॲनिमेशन स्वप्नं आणि भुतं यांसाठी उत्तम, पण त्यात आधीचं चित्र पुसूनच पुढचं होतं. चुकलं तर मागे जाता येत नाही.

पात्रांचं रूप ठरवताना गोलमटोल, मोठ्या डोळ्यांची पात्रं टाळा. अशा पात्राच्या हातावरचं रक्त सौम्य दिसत नाही, विचित्र दिसतं.

टप्पा ९: ॲनिमॅटिक आणि मुलांसमोर चाचणी

स्टोरीबोर्डची चित्रं एकामागोमाग लावून, टीममधल्याच कुणाच्या तरी आवाजात संवाद घालून २६ मिनिटांचं ॲनिमॅटिक बनवा. ते २६ चं झालं नसेल, ३४ चं झालं असेल. पुन्हा साखळीकडे जा, तीन मोठे प्रसंग सोडून बाकीचं कापा.

मग ते ठरवलेल्या वयाच्या मुलांना दाखवा. दहा-बारा मुलं पुरेत, पण ती टीममधल्या लोकांची नसावीत. त्यांना कथा घरीच फुटलेली असते. पालकांना विषय आणि मृत्यूंची यादी आधी लेखी द्या, त्यांची संमती घ्या. ओळखीचं मोठं माणूस खोलीत हवं. एखाद्या मुलाला उठून जायचं असेल तर जाऊ द्या. कुठल्या सेकंदाला गेलं ते टिपून ठेवा.

"आवडलं का?" विचारू नका. पाहुण्यांना बरं वाटावं म्हणून मुलं हो म्हणतात. हे विचारा:

– राजाला कुणी मारलं? का?
– मॅकबेथ कुठे थांबू शकला असता?
– शेवटी तुला कुणाचं वाईट वाटलं?

पहिल्याचं उत्तर "चेटकिणींनी सांगितलं म्हणून" असं आलं, तर चौथी कडी दुबळी आहे. दुसऱ्याला "कुठेच नाही" असं बहुतेकांकडून आलं, तर "कचरतो" कापलं गेलंय. तिसऱ्याला वेगवेगळी नावं आली तर उत्तम. कुणाचंच वाईट वाटलं नसेल, तर साहसकथा झाली आहे आणि पुन्हा टप्पा ३.

दुसऱ्या दिवशी त्याच मुलांना कथा सांगायला लावा. जे प्रसंग त्यांच्या सांगण्यात येतच नाहीत ते एकतर कापा, नाहीतर दुरुस्त करा. आणि पालकांना विचारा, रात्री काही प्रश्न आले का? प्रश्न येणं चांगलं. झोप न येणं चांगलं नाही. तेव्हा आवाजाची पट्टी पुन्हा ऐका.

टप्पा १०: आवाज, मग हालचाल

अंतिम आवाज ॲनिमेशनच्या *आधी* मुद्रित करा. ओठ आणि हावभाव आवाजावर बसवायचे असतात. उलट केलंत तर नट श्वास मोजत बोलतो आणि ते ऐकू येतं. एकमेकांशी बोलणारे दोघे शक्यतो एकाच वेळी स्टुडिओत उभे करा. मॅकबेथ आणि त्याची बायको यांचं कुजबुजणं वेगवेगळ्या दिवशी मुद्रित करून जुळवलेलं कळतं. व्हॉइस आर्टिस्टला सांगा, मुलांसाठी आहे म्हणून आवाज गोड करू नको.

संगीत शेवटी, आणि मृत्यूच्या क्षणी शक्यतो नाहीच. रडवणारं व्हायोलिन मुलाला काय वाटायला हवं ते सांगून मोकळं होतं.

टप्पा ११: चित्रपटाबाहेरचं

हे सगळं नीट केलेल्या चित्रपटाचं पोस्टर बऱ्याचदा हसरं, रंगीबेरंगी, दारवानाला मधोमध ठेवून केलेलं असतं. पालक त्यावरून पाच वर्षांच्या मुलाला आणतात. पोस्टरवर आणि ऑनलाइन छोट्या चित्रात नाटकाचा रंग खरा दाखवा, वय ठळक लिहा आणि वर्णनात सरळ सांगा: "या कथेत मुख्य पात्रांचे मृत्यू होतात, त्यांत एका कुटुंबाच्या हत्येची बातमी येते, मृत्यू थेट दाखवलेले नाहीत." शेवट फुटेल म्हणून लोक हे लिहायला कचरतात. चारशे वर्षांत मॅकबेथ शेवटी कधी जिवंत राहिलेला नाही. ही गुपित राखण्याची बाब नव्हे.

शिक्षकांसाठी एक पान सोबत द्या. त्यावर नाट्यविचार नको. टप्पा ९ चे तीन प्रश्न, चित्रपट कोणत्या मिनिटाला थांबवून ते विचारायचे त्याची नोंद, आणि एखादं मूल अस्वस्थ झालं तर काय करायचं याच्या चार ओळी. आत्महत्येचा उल्लेख येत असेल, तर मदतवाहिनीच्या क्रमांकासाठी मोकळी चौकट ठेवा आणि जिथे दाखवणार तिथला चालू क्रमांक प्रयोगाच्या आदल्या दिवशी स्वतः फोन करून पाहून मगच भरा.